तुंगा यायच्या आधी

"बाळ केवढं आहे?"

चिकपेटच्या गर्दीच्या बोळात, देवाप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानात, सुप्रीता प्लगच्या भोकांना लावायची झाकणं उलटीसुलटी करून बघत होती. प्रश्न कन्नडमधून आला, तिच्या डाव्या खांद्यामागून. मान न वळवता तिनेही कन्नडमध्येच सांगून टाकलं, "बाळ नाहीये."

"मग झाकणं कशाला?"

आता मात्र तिने वळून बघितलं. पस्तिशीचा, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला माणूस. हातात बिजागऱ्यांची पिशवी, आणि चेहऱ्यावर निव्वळ चौकशी.

"आगाऊ मेला," ती मराठीत पुटपुटली. बेंगळुरूत कुणाला मनासारखं बोलायचं तर ही तिची हुकमी सोय होती. घरातली भाषा, बाजारात कुणाला कळते?

"आगाऊ हाय खरं," तो माणूस शांतपणे म्हणाला, "पण ही झाकणं घेऊ नका. दोन वर्षांचं पोर दातांनी उपसतंय आणि गिळतंय. चौकोनी, मोठी घ्या."

सुप्रीताच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने खिशातून कार्ड काढून गल्ल्यावर ठेवलं — रघुनंदन, पीण्या औद्योगिक क्षेत्र, लहान मुलांसाठी घर सुरक्षित करून मिळेल. "निपाणीकडचा आहे मी," तो म्हणाला, जणू तिने विचारलंच होतं. मग बिजागऱ्यांची पिशवी खांद्याला लावून तो गर्दीत गेलासुद्धा... आणि जाता जाता एकदाच वळून हसला.

तिला आवडलं ते हसणं. आणि आवडलं म्हणूनच तिचा संशय जागा झाला.

संशय घेणं हा सुप्रीताच्या पोटापाण्याचा धंदा होता. सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची; इतरांनी 'झालं, चालतंय' म्हटलेल्या गोष्टीत नेमकं कुठे बिघडलंय ते शोधून काढायची. आणि इथे तर बिघाड उघड्यावर पडला होता. अहल्याआत्याने काल फोन करून बजावलं होतं, "देवाप्पाच्याच दुकानात जा गे. शनिवारी सकाळीच जा. दुसरीकडे गेलीस तर फसवतात." प्लगच्या झाकणात कोण कुणाला फसवणार? आणि मग त्याच दुकानात, त्याच सकाळी, एक मराठी बोलणारा, बिनअंगठीच्या बोटांचा, बरा दिसणारा माणूस उभा?

एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. आत्याचे असले उद्योग ती कॉलेजपासून झेलत होती. पण आता गोष्ट वेगळी होती. सुप्रीताने मूल दत्तक घेण्यासाठी एकटीच्या नावाने अर्ज केला होता, आणि तीन वर्षांहून जास्त वाट बघून तिचा नंबर आता अगदी वर आला होता. जुन्या गृहभेटीची मुदत संपली म्हणून समाजसेविका पुन्हा एकदा घर बघायला येणार होत्या. त्यानंतर कुठल्याही दिवशी एका मुलाचा फोटो यायचा होता. आणि नियम असा की लग्न केलं, तर जोडप्याचा दोन वर्षं संसार झाल्याशिवाय मूल मिळत नाही. म्हणजे आत्ता लग्न ठरलं, तर हातातोंडाशी आलेलं मूल गेलं. आत्याला हे पक्कं ठाऊक होतं. तिचं आपलं एकच पालुपद होतं, "आधी नवरा, मग पोर. देवानं तशीच पद्धत ठेवलीय."

तरीही सुप्रीताने कार्डावरचा नंबर लावला. मूल येणार होतं. घर तर नीट व्हायलाच हवं होतं. शिवाय, तिने स्वतःला सांगितलं, संशयिताला डोळ्यांसमोर ठेवलेलं बरं.

*

रविवारी तो आला. दाराबाहेर बूट काढले, आत पाऊल टाकलं... आणि धपकन गुडघ्यांवर बसला.

"अहो, हे काय?"

"घर बघतोय की."

"उभ्याने दिसत नाही?"

"उभ्यानं तुम्हाला दिसतंय. पोराला कुठं दिसतंय?" तो रांगत दिवाणखान्याच्या मध्यावर गेला आणि मान वळवून म्हणाला, "या. तुम्ही पण या खाली."

"मी?"

"मी आजचा दिवस बघणार आणि जाणार. रोज कोण बघणार?"

सुप्रीताने दाराची कडी नीट लागली आहे का बघितलं — शेजारच्यांनी हे बघितलं असतं तर जन्माची करमणूक झाली असती — ओढणी कमरेला खोचली आणि गुडघे टेकले. आणि काय सांगावं... तिचंच घर तिला ओळखू येईना. टेबलाच्या कडा डोळ्यांवर चालून येत होत्या. इस्त्रीची वायर शेपटीसारखी लोंबत होती, 'ओढ मला' म्हणत. सोफ्याखाली तर एक वेगळंच गाव वसलं होतं. रघुनंदनने तिथे हात घातला आणि चिमटीत काहीतरी चमकणारं धरून बाहेर काढलं. बटणाएवढी बॅटरी.

"ही सगळ्यात वाईट," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "गिळली तर घसा आतून जाळती."

"मी दोनदा झाडलंय सोफ्याखाली!"

"झाडलंय खरं. उभ्यानं झाडलंय."

तिला राग आला. चुका शोधणं हा तिचा प्रांत होता. ती तरातरा रांगत खिडकीपाशी गेली, पडद्यामागे शिरली आणि विजयी मुद्रेने बाहेर आली. "आणि हे? पट्ट्यांच्या पडद्याची दोरी. गोल फास आहे हा. मुलाच्या गळ्यात अडकला तर? तुम्ही बघितलाच नाही."

रघुनंदनने रांगत येऊन दोरी ओढून बघितली. मग मनापासून म्हणाला, "सुटला माझ्याकडनं. बरं झालं तुम्ही बघितलात."

एवढ्यावर तिला खूष व्हायचं कारण नव्हतं, पण ती झाली. नेमका तेव्हाच बाल्कनीवर पाऊस उतरला, बेंगळुरूचा तो दुपारचा लाडिक, न सांगता येणारा पाऊस. बाल्कनीचं दार लावायला दोघंही एकदमच टेबलाखालून निघाले आणि कपाळावर कपाळ आपटलं. "आई गं!" ती. "लागलं?" तो. कपाळ चोळता चोळता दोघं हसायला लागले. इतक्या जवळून तिने कुणाच्या पापण्या कितीतरी दिवसांत बघितल्या नव्हत्या.

तो आधी मागे सरला. घसा खाकरून म्हणाला, "हां... आता थोडं विचारायचं होतं. स्वयंपाक तुम्ही स्वतः करता?"

सुप्रीता सावध झाली. "करते."

"घरात आणखी कोण असतं? येऊन-जाऊन माणसं?"

"आत्या येते."

"झोप कशी आहे? गाढ? का आवाज झाला की उठता?"

"हे कशाला हवंय तुम्हाला?"

"औषधं कुठली चालू आहेत? काही जुना आजार?"

ती ताडकन उठून उभी राहिली. "पगार राहिला. तोही विचारून घ्या."

"पगाराला काय करायचं?" तो खालूनच, गोंधळून म्हणाला. "औषधाचा डबा कुठल्या फळीवर असतो तेवढं सांगा."

चेहरा तर निष्पाप होता. पण मुरलेले संशयित असेच असतात, असं तिच्या धंद्याने तिला शिकवलं होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात दाराची बेल वाजली.

दारात अहल्याआत्या उभी होती. बसवनगुडीहून, एवढ्या पावसात, कांजीवरम नेसून. हातात पितळी डबा. तिने आत डोकावून गुडघ्यांवर बसलेल्या रघुनंदनकडे एक तृप्त नजर टाकली आणि डबा टेबलावर ठेवून उघडला. वरच्या पुडात उप्पीट. खालच्या पुडात केसरीबात, म्हणजे इकडचा केशरी शिरा, काजू वर लावलेला.

बेंगळुरूत वाढलेल्या कुणालाही आणखी पुरावा लागत नाही. मुलगी बघायला माणसं येणार असली की घरोघरी हेच दोन पदार्थ होतात. शेजारी नुसत्या वासावरून ओळखतात.

"आत्या," सुप्रीता दातओठ खात म्हणाली, "हे काय आहे?"

"अय्यो, पाहुणा आलाय म्हणून स्वल्प केलं गे."

"पाहुणा आलाय हे तुला कुणी सांगितलं?"

आत्या पंख्याकडे बघायला लागली. पंखा बंद होता.

सुप्रीता रघुनंदनकडे वळली. "आणि तुम्हाला? तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"काय?"

"की तुम्ही मला बघायला आलात!"

रघुनंदनने तिच्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, उप्पिटाकडे बघितलं. त्याच्या हातात मोजायची टेप तशीच ताणलेली राहिली होती. "मी," तो सावकाश म्हणाला, "स्वयंपाकघराला गेट बसवायला आलोय."

"त्याला काही ठाऊक नाही," आत्या शेवटी म्हणाली. "मीच गे. या पोरानं माझ्या न्हाणीघरात धरायचा दांडा बसवला. बसवून झाल्यावर स्वतः लोंबकळून बघितलं, म्हातारीचं वजन पेलतंय का. असला माणूस सोडून द्यायचा? देवाप्पाला विचारलं, हा शनिवारी सामान न्यायला कधी येतो. आणि आज याचं काम कुठं आहे ते वर्कशॉपात फोन करून विचारलं. एवढंच केलं."

"एवढंच?" सुप्रीताचा आवाज फाटला. "लग्न ठरलं तर माझं मूल जाईल, आत्या! तुला माहीत आहे ते. माहीत असून केलंस तू!"

"मूल तुझं होईल गे," आत्या हळूच म्हणाली. "तुझं कोण होणार?"

सुप्रीताने डब्याचं झाकण खाडकन लावलं. डोळे भरून आले म्हणून तिला आणखीच राग आला.

रघुनंदन उठला. टेप गुंडाळून त्याने खिशात टाकली. "मूल जाईल म्हणजे?" त्याने विचारलं. तिने फणकाऱ्याने, तुटक तुटक, दोन वर्षांचा नियम सांगितला. त्याने तो अगदी नीट ऐकून घेतला. मग आत्याकडे वळून म्हणाला, "अक्का, उप्पीट बांधून द्या. वर्कशॉपात खातो. इथं बसून खाल्लं तर म्याडमना वाटायचं, मी होकार दिला."

इतक्या रागातही सुप्रीताला हसू फुटलं. तेच वाईट झालं.

*

मग काम सुरू झालं. दर रविवारी रघुनंदन यायचा, आणि सुप्रीता डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पाळत ठेवायची. तो कोपऱ्यांना रबर लावी, कपाटं भिंतीला जखडी, औषधांच्या फळीला कुलूप करी. वावगा शब्द नाही, वावगी नजर नाही. कमालीचा सभ्य. सुप्रीताला त्याचाही संशय यायचा — इतकं सभ्य कोण असतं?

"मुलांच्या वस्तूंचा धंदा कसा काय सुचला?" तिने एकदा आडून विचारलं. मनात एखादी दुःखद कहाणी तयारच ठेवली होती.

"आम्ही मशीनच्या जाळ्या करायचो," तो स्क्रू पिळत म्हणाला. "पीण्यात प्रेस मशीन असतात, त्यात कामगारांची बोटं जाऊ नयेत म्हणून. मग बहिणीला पोर झालं. तिच्या घरी गेलो तर काय... मशीनपेक्षा घर वाईट! मशीनला निदान बंद करायचं बटण असतं."

"बस्स? एवढंच?"

"का? कमी पडलं?"

"नाही... मला वाटलं, काहीतरी लपवताय."

"लपवतोय की," तो मान वर न करता म्हणाला. "पण ते धंद्याचं नाही."

ती चहा टाकायला आत निघून गेली आणि साखर दोनदा घातली.

पुढच्या रविवारी आरशासमोर ओले केस पुसताना तिने स्वतःलाच पकडलं. न्हायचा वार शुक्रवार होता. रविवारी केस धुवायचं तिला काय कारण? आणि ही निळी कुडती? आता संशयिताच्या जागी ती स्वतःच उभी होती, आणि पुरावा गच्च होता. ती घाबरली, अगदी खरोखर घाबरली. या घरात एक अनाथाश्रमातून आलेलं, कुणाचंच नसलेलं मूल राहायला येणार होतं. त्याच्या वाटेत ती स्वतः उभी राहणार होती का? एका हसण्यापायी?

तिने मनाशी ठरवलं, आज त्याला स्पष्ट सांगायचं, उरलेलं काम दुसऱ्या कुणाकडून करून घेते.

पण त्या रविवारी तो आलाच नाही. दारात शिवाप्पा नावाचे एक पिकलेल्या मिशांचे कारागीर उभे होते. "रघुनंदन सारनी पाठवलंय. बाल्कनीची जाळी," एवढं सांगून ते कामाला लागले. तिने फोन केला. "कामात आहे म्याडम," तिकडून कोरडा आवाज आला. "शिवाप्पा सगळं करतील." आणि फोन बंद. पुढच्या रविवारी परत शिवाप्पा. त्याच्या पुढच्याही.

बघा — जे तिला करायचं होतं तेच त्याने केलं, आणि तिचा जीव मात्र जळून गेला. शेवटी निघाला ना तसाच! दोन वर्षांची अट ऐकली आणि पळाला. लग्न होत नाही म्हटल्यावर कसला रविवार आणि कसलं काय! तिने केस धुणं परत शुक्रवारवर आणलं आणि निळी कुडती कपाटात खाली, अगदी तळाशी कोंबली.

अशा तिरमिरीत असतानाच धनलक्ष्मी म्याडमची भेट झाली. समाजसेविका, चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. घरभर फिरल्या, बाल्कनीची जाळी हलवून बघितली, फळीचं कुलूप ओढून बघितलं, मान डोलावली. चहा संपवून उठता उठता त्यांनी विचारलं, "एक विचारायचं राहिलं. नजीकच्या काळात लग्नाचा काही विचार? कुणी आहे का?"

"नाही," सुप्रीता म्हणाली. ताडकन, कोरडं, खणखणीत. "कुणी नाही."

धनलक्ष्मी म्याडमनी लिहून घेतलं.

त्या गेल्यावर सुप्रीता रिकाम्या घरात बसून राहिली. ते 'नाही' इतकं सहज कसं आलं, याचा ती विचार करत होती. खोटं बोलावं लागलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी विचारलं असतं तर? तर ती अडखळली असती. म्याडमनी चष्म्यावरून बघितलं असतं... आणि मग तिच्या तपासनीस डोक्यात हळूहळू एक गोष्ट जुळत गेली. गृहभेट व्हायची आहे हे त्याला ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं.

ती उठली आणि तशीच मेट्रोने पीण्याला गेली.

*

वर्कशॉपात ठोकाठोक चालू होती. तिला बघून रघुनंदनने हातातली कानस खाली ठेवली आणि तो बाहेर आला, वेल्डिंगच्या आवाजापासून दूर, रस्त्यावरच्या गुलमोहोराखाली.

"झाली भेट?" त्याने आधी तेच विचारलं.

"झाली."

"विचारलं त्यांनी? लग्नाचं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं विचारतात ते!"

"आत्यांनी सांगितलं. त्यांना मीच विचारलं होतं, सगळं कसं कसं असतं म्हणून." त्याने कपाळाचा घाम बाहीला पुसला. "काय सांगितलंत?"

"नाही म्हटलं. कुणी नाही म्हटलं. तुमच्यावर इतकी चिडले होते की मनापासून म्हटलं." तिचा आवाज चढला. "मला सांगून करता आलं नसतं? मला वाटलं तुम्ही..."

"सांगितलं असतं तर तुम्हाला ठाऊक झालं असतं," तो म्हणाला. "मग 'नाही' म्हणताना खोटं बोलावं लागलं असतं. तुम्हाला जमलं नसतं ते. तुमच्या तोंडावर सगळं दिसतं." मग हसत, पण डोळ्यांनी न हसता, "घर सुरक्षित करायचं म्हणजे काय, म्याडम? धोक्याची वस्तू बघायची आणि पोराच्या वाटेतनं बाजूला काढायची. सगळं काढलं तुमच्या घरातनं. शेवटी एकच राहिली होती... मी."

वरून गुलमोहोराची पानं बारीक बारीक गळत होती. आतापर्यंत सुप्रीतावर प्रेम असल्याचं दोघातिघांनी सांगितलं होतं. पण तिचं मूल तिच्याइतकंच कुणीतरी जपलं होतं, तेही ते मूल अजून आलेलं नसताना, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते असं निघेल हे तिलाही ठाऊक नव्हतं. "फार आवडता. आणि मी थांबा म्हणणार नाही, कारण किती थांबावं लागेल ते मला माहीत नाही."

"मग म्हणू नका. मी आपलं आपण थांबतो." तो परत दाराकडे निघाला. "मूल घरी येऊ दे, कोर्टकचेरीचा कागद हातात पडू दे. तोवर तुमची माझी ओळख नाही."

"आणि तोवर तुमच्या आत्याने कुणाला शोधून काढलं तर? केसरीबात घेऊन?"

"मला आत्या नाही," तो म्हणाला. "तुमचीच आहे ती एक."

*

फोटो आला तो तुंगाचा. पावणेदोन वर्षांची, हुबळीकडच्या एका संस्थेत वाढलेली, कपाळावर मोठं काळं तीट आणि कॅमेऱ्याकडे अत्यंत अविश्वासाने बघणारे दोन डोळे. सुप्रीताने तो फोटो बघितला आणि ती म्हणाली, "हिला मी ओळखते." आत्याने फोटो हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला, आणि त्यानंतर 'आधी नवरा, मग पोर' हे शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नाहीत.

तुंगा घरी आली. रडली, हसली, ताप आणला, घरभर रांगली, मग धावली, टेबलाच्या कडेवर आपटली आणि रबराला बघून चकित झाली. काही महिन्यांनी अधिकाऱ्यांच्या सहीचा आदेश आला. तुंगा आता कायद्याने, कायमची, सुप्रीताची मुलगी होती. त्याच संध्याकाळी सुप्रीताने फोन केला.

"आदेश आला."

पलीकडची ठोकाठोक थांबली. मग, "रविवारी येऊ?"

"या."

तो आला. दार उघडलं, आणि तुंगाने त्याला बघून असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरची माणसं खाली वाकली. "बेडा! बेडा!" — नको, नको. तिच्या आजवरच्या सगळ्या जगात बायकाच होत्या. जाड आवाजाचं, दाढीचं हे काय प्रकरण? सुप्रीताच्या मांडीला घट्ट धरून ती त्याच्याकडे बघत होती, अगदी सुप्रीताने चिकपेटच्या दुकानात बघितलं होतं तशाच नजरेने.

"बरोबर आहे तिचं," रघुनंदन म्हणाला आणि बूट घालून बाहेर पॅसेजमध्ये, लिफ्टसमोरच्या भिंतीला टेकून खाली बसला. "अनोळखी माणसाला आत घेऊ नये."

दार उघडं ठेवून सुप्रीता आत बसली, तो बाहेर. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंनी बोलत राहिले. जाताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो." आणि आला. त्याच्याही पुढच्या. शेजारीपाजारी त्याला ओलांडून लिफ्टमध्ये जायचे. तो बूट बाजूला काढून, मांडीवर लाकडाचे तुकडे ठेवून काही ना काही तासत असायचा. तुंगाकडे मान वळवून बघायचा नाही, हाक मारायचा नाही, चॉकलेट दाखवायचा नाही. तुंगा मात्र दाराआडून त्याची कडक तपासणी करायची.

एका रविवारी सुप्रीता उंबऱ्यावर येऊन बसली. "मला स्पष्ट बोलायचंय," ती म्हणाली. "हिने तुम्हाला कधीच आपलं मानलं नाही, तर... मी हिलाच निवडेन. तुम्हाला नाही. मला फार वाईट वाटेल, पण तसंच करेन."

"तसं केलं नाहीत," तो तासता तासता म्हणाला, "तर मीच तुमच्याशी लग्न करणार नाही."

सुप्रीताने तोंड दुसरीकडे फिरवलं. रडताना दिसू नये म्हणून. पण दिसलंच, कारण तुंगाने आतून येऊन आईचं तोंड दोन्ही हातांनी धरलं, ओलं लागलं म्हणून हात बघितले, आणि मग या सगळ्याला कारण कोण, ते तपासायला ती उंबरा ओलांडून बाहेर आली. एक पाऊल. मग दुसरं.

रघुनंदन हलला नाही. श्वाससुद्धा जपून घेत होता.

तुंगा त्याच्यासमोर उभी राहिली. पोट पुढे, भुवया जुळलेल्या. बराच वेळ तिने त्याला न्याहाळलं. मग खाली वाकून त्याच्या गुडघ्यावरचा लाकडाचा भुसा बोटाने झटकला, आणखी झटकला, सगळा जाईपर्यंत झटकला... आणि त्याचं बोट मुठीत धरून ओढायला लागली. घराच्या दिशेने. तो उभा राहायला लागला तशी घाबरून थबकली. म्हणून मग तो उठलाच नाही. तिच्या मागून रांगत, गुडघ्यांवर, आत गेला.

आत तुंगाने त्याला आपलं पाणी प्यायचं भांडं दाखवलं, आपली गादी दाखवली, भिंतीवर खडूने मारलेल्या रेघोट्या दाखवल्या. सुप्रीता दारातच उभी होती.

रघुनंदनने खालूनच मान वर केली. "म्याडम... मी आत आलो तर चालेल ना?"

"आलात की."

"आजचं नाही म्हणत," तो म्हणाला. "कायमचं विचारतोय."

पॅसेजमध्ये त्याचे बूट एकटेच पडले होते, एक सरळ, एक उलटा. सुप्रीताने त्यांच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बूट आत घ्या," ती म्हणाली. "बाहेर राहिले तर कुणीतरी नेईल."